नवं कव्हर

बाइंडरकाकांचं आज कामात चित्त नव्हतं. हात खळीत बुडालेले, पण डोळे खिडकीपाशी वाचत बसलेल्या काकूंवर. विस्मृतीवरची ती रहस्यकादंबरी संपत आली होती, आणि काकांचा जीव टांगणीला लागला होता.

दर वेळी शेवटचं पान मिटून काकू नाक मुरडायच्या. "कसलं डोंबलाचं रहस्य! बहिणीनंच केलंय, हे मला सुरुवातीलाच कळलं होतं. जरा बरं काही आणत जा की." काका वरवर तोंड पाडायचे, पण आतून हायसं वाटायचं. मग त्याच पुस्तकाला ते नवं कव्हर आणि नवं नाव चढवायचे. आपण हे आधी वाचलंय, हे काकूंच्या कधीच लक्षात यायचं नाही. तरी गुन्हेगार मात्र त्या बरोबर ओळखायच्या. काका तेवढ्याच आशेवर तग धरून होते.

आज काकूंनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि कौतुकानं काकांकडे बघितलं.



"अहो, काय सुंदर पुस्तक आणलंत! ती बहीण असेल, असं मला शेवटपर्यंत वाटलंच नाही."