शनिवारचं वजन

"सत्त्याण्णव," इल्वाने वाकून आकडा वाचला.

टोरुन डोळे मिटूनच वजनकाट्यावर उभी होती. "नीट बघ."

"नीटच बघितलं, आई. सत्त्याण्णव."

बाथरूमच्या दारात स्टुलावर बसलेल्या सीवर्टने आकडा वहीत लिहिला. एकोणीस वर्षांच्या या पोराची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा तो बोटीने पलीकडे इस्पितळात जायचा आणि रक्त धुऊन घेऊन पांढराफटक होऊन परत यायचा. आईचं मूत्रपिंड त्याला जुळत होतं. पण तिचं वजन नव्वदच्या खाली आल्याशिवाय डॉक्टर तिला हात लावायला तयार नव्हते. घरच्या काट्यावर नव्वदच्या खाली गेलात की फोन करा, मग तपासायला बोलावू, असं इस्पितळातल्या बाईंनी सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये ती एकशे तीन किलो होती. आता जानेवारी संपत आला होता.

सगळ्या घराने पोटाला चिमटा काढला होता. टोरुन बेटावरच्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना अंघोळ घालायची, औषधं द्यायची, मोजे चढवायची. पहाटे सहाला बाहेर पडलेली बाई संध्याकाळी परतताना आधी गोठवलेला पिझ्झा उचलून आणायची. आता ती रविवारीच आठवड्याचा कोबी चिरून ठेवायची आणि कॉड मासा नुसता उकडायची, लोण्याशिवाय. सीवर्टचे बटाटे वेगळे शिजायचे, त्याला न चालणारे क्षार उतरावेत म्हणून दोनदा पाणी बदलून. शुक्रवारचे खिमा-चीजचे टाको बंद झाले. शनिवारी मिळणारी गोळ्या-चॉकलेटची पिशवी सात वर्षांच्या इल्वाने आपणहून सोडली, तेव्हा टोरुनला भरून आलं होतं.

एवढं करूनही पालथ्या घड्यावर पाणी. सुरुवातीला चार-पाच किलो भराभर उतरले. मग सुई जी अडली ती अडलीच.

काटाही जुना, आजीच्या वेळचा, सुईचा. नवा बॅटरीवाला शरद ऋतूत बंद पडला, तेव्हा सीवर्टने हा तळघरातून वर आणला. अंगात पाणी किती साठलं हे कळायला त्याला रोज वजन करावं लागे, म्हणून काटा त्याच्या खोलीत असायचा. शनिवारी तो आईसाठी बाथरूममध्ये नेऊन मांडायचं काम इल्वाचं. ते ती मोठ्या ऐटीत करायची.

सोमवारी कामाच्या पहिल्याच घरी बोरगिल्ड आजींनी नेहमीसारखे वॉफल पुढे केले, आणि टोरुनने नेहमीसारखे नाकारले.

"पोरी, तुझी पँट घसरतेय," आजी म्हणाल्या.

"धुऊन धुऊन इलॅस्टिक गेलंय."

"मला नको सांगूस इलॅस्टिकचं. पन्नास वर्षं शिवणकाम केलंय मी."

टोरुन हसली, कमरेला सेफ्टी पिन लावली आणि पुढच्या घरी गेली. नव्वदीच्या म्हातारीला काय दिसतंय, असं तिच्या मनात आलं.

त्या रात्री जेवताना तिचा बांध फुटला. काल फक्त अर्धा तुकडा पाव खाल्ला होता तिने, मग हे वजन येतं कुठून?

"सोड ना, आई," सीवर्ट म्हणाला. "मूत्रपिंडाच्या यादीत आहे की माझं नाव."

"यादीत लोक तीन-तीन वर्षं ताटकळतात."

"मग ताटकळू." तो बटाट्याचं साल काढत राहिला. "बाबांनाही साधंच ऑपरेशन म्हणाले होते."

चार वर्षांपूर्वी नवरा हर्नियासाठी आत गेला आणि भुलीतून उठलाच नाही. पंधरा वर्षांचा सीवर्ट तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून होता, बापाचे बूट मांडीवर घेऊन. टोरुनने त्याच्या हातावर हात ठेवला. इल्वा दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"मला काही होणार नाही," टोरुन म्हणाली.

"बरं," सीवर्ट म्हणाला.

फेब्रुवारीत सुई अठ्ठ्याण्णववर गेली. टोरुनने गाडीत बसून इस्पितळात फोन केला, आकडा सांगितला आणि चोरी पकडली गेल्यासारखी रडली. त्या बाई चांगल्या होत्या. नेट लावा, जमेल, म्हणाल्या.

मार्चमध्ये, रक्त धुण्यासाठी सीवर्टच्या छातीत बसवलेल्या नळीवाटे रक्तात जंतू शिरले. चार दिवसांत पोरगा गेला.

अंत्यविधीनंतर कॉफी होती, बायकांनी केक करून आणले होते. टोरुनने ताटल्यांकडे पाठ केली. पाद्रीबुवा जवळ आले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "माझ्या जिभेने मारलं त्याला." असं बोलू नये, ते म्हणाले. पण तिला त्यात तिळमात्र शंका नव्हती. आठ किलो. एवढं एक काम आईला करता आलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी, शनिवारी, तिने सीवर्टच्या खोलीतून काटा उचलला. तो कचऱ्यात टाकायचा होता. पण टाकण्याआधी त्या आकड्याचं तोंड एकदा बघावं म्हणून तिने तो बाथरूममध्ये ठेवला आणि पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून वर चढली.

चौऱ्याऐंशी.

दुःखाने माणूस झिजतो, हे तिने ऐकलं होतं. पण एवढं? तिचा हात आपोआप कमरेशी गेला. सेफ्टी पिन जानेवारीतल्याच जागी होती.

"तसं नाही, आई."

इल्वा दारात उभी होती. ती आत आली, काट्याशी उकिडवी बसली आणि मागचं छोटं चाक सराईतपणे अंगठ्याने फिरवू लागली. सुई सरकत सरकत शहाण्णववर येऊन थांबली.

"दादाचं करताना शून्यावर ठेवायचं. तुझं करताना दादा सांगेल तेवढं पुढे. शेवटचं बारा सांगितलं होतं." तिने मान वर करून आईकडे पाहिलं. "मी एकदासुद्धा विसरले नाही."