तिच्या वाट्याचा फोन

“आजी, पत्ता सांगा,” आपत्कालीन मदत केंद्राच्या फोनवर ती म्हणाली, आणि पलीकडून तिच्याच घराचा पत्ता आला.

बोटांनी तो टाइपही केला, अगदी मजल्यासकट. रुग्णवाहिका निघाल्याची खूण पडद्यावर उमटली, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात शिरलं, की श्वास थांबलेले गृहस्थ म्हणजे आपले सासरे आणि ही रडणारी आजी म्हणजे आपल्या सासूबाई.

सासूबाईंनी तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार कशा? कामावरचा हा सावकाश, कोरडा आवाज तिने कधी घरी नेलाच नव्हता. घरात सगळेच सरकारी नोकर. थोरल्या दिरांच्या मोजणी खात्याला मान, नणंदेच्या गुरांच्या दवाखान्याला मान. हिचं कुणी विचारलं, की सासूबाई म्हणायच्या, “ती होय, फोन उचलते कुठेतरी,” आणि विषय बदलायच्या.

‘आई, मी आहे’ एवढं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते ऐकताच सासूबाईंनी हंबरडा फोडला असता आणि काही करायला त्यांचे हातच उठले नसते.

“आजी, त्यांना जमिनीवर उताणं निजवा. फोनचा स्पीकर लावून शेजारी ठेवा. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवा आणि जोरात दाबा. मी मोजते, तुम्ही दाबत राहा.”

तिने तीसपर्यंत मोजलं, पुन्हा एकपासून सुरू केलं. सासूबाई धापा टाकत होत्या, गुडघे गेले म्हणत होत्या, होत नाही म्हणत होत्या. ती मोजत राहिली. शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी कुणाला तरी आग कितव्या मजल्यावर आहे ते विचारत होता. तिला काहीच वाटत नव्हतं. फक्त तोंड आकडे म्हणत होतं.

नवव्या मिनिटाला दार वाजलं, बुटांचे आवाज आले. पथक पोहोचलं की फोन ठेवायचा, असा नियम होता. तिने ठेवला नाही. बऱ्याच वेळाने डॉक्टर म्हणाले, “आजी, ते गेले. तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाहीत.”

मग सासूबाईंचा आवाज फोनजवळ आला.

“ताई, आहात का अजून?”

“आहे.”

“एक काम कराल? माझ्या सुनेला तुम्हीच कळवा. आधी तिलाच लावला होता, तिने उचलला नाही. मुलाला सांगायचं माझ्याच्याने होणार नाही, तो खचेल. सून धीराची आहे. तिला सांगितलंत की ती बघेल सगळं.”

तिचा मोबाइल बाहेरच्या कपाटात होता. कामाच्या वेळात तो आत आणायची परवानगी नव्हती.

“नंबर सांगा, आजी.”

सासूबाईंना तो पाठ होता. त्या थांबत थांबत एकेक आकडा सांगत गेल्या. तिने दहाही आकडे लिहून घेतले आणि बरोबर आहे ना म्हणून एकदा वाचून दाखवले.