अर्ध्या दराची जागा

"बसा की सायेब. कुनी आलं न्हाई, तर बगू," कल्लप्पा तिकिटाच्या खिडकीतून पुन्हा म्हणाला.

पण सगळे आले होते, हीच तर अडचण होती. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये गंगाधर येरझाऱ्या घालत होता. मुंबईला जाणाऱ्या त्या छोट्या खाजगी विमानात ऐनवेळी जागा उरली, तर कल्लप्पा ती अर्ध्या दरात देऊन टाकी. पूर्ण तिकीट गंगाधरच्या ऐपतीबाहेरचं, आणि आज तर तिकिटंही संपली होती. मुलाखतीची तार सकाळी हातात पडली होती, मुलाखत आजच दुपारी. आता रेल्वे धरून उपयोग नव्हता. पुढच्या महिन्यात वय उलटत होतं. सरकारी नोकरी लागली तर आज, नाहीतर जन्मभर अडत दुकानात दिवाणजीगिरी.

कुणीतरी गळायला हवं होतं. गंगाधरने बाकावरच्या मंडळींचा अंदाज घेतला. एक व्यापारी आणि त्याची बायको, भाचीच्या लग्नाला निघालेले. ही माणसं काही केल्या हलणार नव्हती. शेजारी एक कंत्राटदार, तोंड उघडं टाकून झोपलेला. उरला कोपऱ्यातला तिशीचा गडी. पांढरा शर्ट, हातात पिशवीसुद्धा नाही. घडीत बसत होता, घडीत उठून दारातून आभाळ न्याहाळत होता.

गंगाधर त्याच्याशेजारी टेकला. नाव जोतीराम, गाव करकंब. बोलणं अस्सल शेतातलं. ऊसवाला, गंगाधरने मनाशी नोंद केली. मुंबईला काय काम काढलंत, असं विचारल्यावर म्हणाला, काम कसलं, जायचं आन् सांजच्याला माघारी यायचं. तिकिटाचा विषय निघाला तेव्हा गडी नुसता हसला. त्याला तिकीट पडतच नव्हतं. गंगाधरचा जळफळाट झाला. इथं अर्ध्या दरासाठी जीव टांगणीला, आणि हे फुकटे हौसेने उडतात. असेल कुणा साखर कारखान्याच्या चेअरमनचा भाचा.

मग खरी गोष्ट बाहेर आली. बायकोला पहाटे दवाखान्यात नेलं होतं. पहिलटकरीण. सासू म्हणाली होती, तुमी जावा, हितं तुमचं काय काम.

गंगाधरला एवढं पुरे होतं. त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं, पण शेजारच्या घरची हकीकत उसनी घ्यायला कोण अडवतंय? आमच्या हिच्या वेळी मी असाच निघून गेलो, त्याने सांगितलं. पोरगी शाळेत जायला लागली, तरी ही अजून जेवताना तेच वाढते. मग आवाज उतरवून, ती त्या वेळी कशी सारखी नवऱ्याचं नाव घेत होती, तेही ऐकवलं. जोतीरामने रुमालाने मान पुसली.

"पर म्या गेलो न्हाई तर लई खोळंबा हुईल, दादा. मानसं वाट बगत्यात."

"खोळंबा कसला, पाटील? माणसं आपापलं बघून घेतील. तिला मात्र तुम्ही एकटेच."

जोतीराम उठला. दारापर्यंत गेला आणि परत आला.

"कल्लप्पाला तुमीच सांगा. म्या गेलो तर त्यो सोडायचा न्हाई."

गंगाधरने ते फार आनंदाने कबूल केलं. त्याच्या पाठीवर हात ठेवला, वर टांगाही हाक मारून थांबवून दिला. टांगा रस्त्याला लागेपर्यंत तो दारातच उभा राहिला. मन कधी फिरेल, सांगता येत नाही. मग पाकीट काढत तो खिडकीशी गेला. करकंबचा जोतीराम काही येत नाही, त्याने सांगितलं, तेव्हा त्याची जागा द्या, अर्ध्या दराने.

कल्लप्पाने दूर जाणाऱ्या टांग्याकडे पाहिलं, मग गंगाधरकडे.

"देतो की सायेब. पर इमान चालवाया येतंय न्हवं तुमास्नी?"