पाचवं नाव

पेनल्टी मिळाली आणि क्लिफ ओग्डेन दोन्ही हात वर करून उठला. "हो! हो!" असा ओरडलासुद्धा.

उठलेला तो एकटाच. स्टँडमधले सगळे हॅझलबीचे. त्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. पेनल्टी हॅझलबीच्या विरुद्ध होती, आणि हॅझलबीच्या गोलमध्ये उभा होता क्लिफचा मुलगा, कीरन.

"डोकं ठिकाणावर आहे का, क्लिफ?" मागून टेड म्हणाला. "पेनल्टी त्यांना मिळालीय. तुझ्या पोरावर!"

क्लिफने झटकन हात खाली घेतले. आपण कधी उठलो, हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

त्याच्या मुठीत बेटिंगच्या दुकानातली चिठ्ठी होती. दर शनिवारी तो पाच संघ निवडायचा. पाचही जिंकले तर भाव एकमेकांना गुणत जायचे. एक जरी घसरला तर सगळंच पाण्यात. आजचे चार संघ जिंकून मोकळे झाले होते. इथे मात्र दुखापतीमुळे खेळ लांबला होता आणि अजून एकही गोल नव्हता. सकाळी तो चौथ्यावर थांबला असता तर आता चारशे पौंड खिशात असते. पण पाचवा जोडला की सहाशे होत होते. शिवाय पाचव्याची गाठ हॅझलबीशी, आणि हॅझलबी गुणतक्त्यात तळाला. पैज डोक्याने लावायची, मनाने नाही, हे त्याचं नेहमीचं शहाणपण.

शेजारी बसलेल्या बायकोने, ब्रेंडाने, त्याची मूठ उघडली आणि चिठ्ठी पाहिली.

"पाचवं नाव वाच. मोठ्यानं."

"अगं, नुसतं गणित आहे ते. दर आठवड्याला हरतातच ना—"

"आत्ता काय व्हायला हवंय तुला? तेवढं सांग."

क्लिफने गोलमधल्या कीरनकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे. आपल्याला नक्की काय हवंय, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना.

शिट्टी वाजली. कीरन डावीकडे झेपावला. चेंडू त्याच्या बोटांना लागून खांबाबाहेर गेला. सगळा स्टँड उठून नाचू लागला. टेड क्लिफच्या पाठीवर थापा मारत होता. क्लिफ मटकन खाली बसला होता.

कीरन चिखलातून उठला आणि लहानपणापासूनच्या सवयीने स्टँडमध्ये बापाला शोधू लागला.

ब्रेंडाने क्लिफचं मनगट धरलं आणि चिठ्ठीसकट वर उचललं.

"हात वर कर, मेल्या," ती म्हणाली. "बघतोय तो."