खुर्चीवरचा मामा

"सेनवेलो, हे पाणी तुझं. भावकीचं नाही, तुझं."

बापाचा तो आवाज तिच्या कानात अजून ओला होता. विहिरीच्या काठावर चिखलानं माखलेला बाप, नुकतीच वर आलेली पहिली बादली, आणि हौदावर पाणी पिणारी गाढवं. त्यांच्या गळ्यातल्या घंटा किणकिणत होत्या. खणताना बाप गुणगुणायचा, दगडा दगडा, सरक जरा, तुझ्याखाली माझा झरा. त्या दिवशी दगड सरकला होता.

आता बाप मातीआड गेला होता, आणि विहिरीवर रापुलाकाकाची गुरं पाणी पीत होती. सेनवेलोच्या गाई काटेरी कुंपणाबाहेर जिभा काढून उभ्या राहायच्या. कालाहारीच्या त्या कडेला दुसरं पाणी दिवसभराच्या वाटेवर होतं.

काकाचं म्हणणं सरळ होतं. भावाची विहीर भावाला. तोंडी दिलेलं दान, देणारा आणि घेणारा सोडून तिसऱ्यानं ऐकलेलं असेल तरच खरं.

"कुणी ऐकलं, पोरी?" तो हसून विचारायचा. "वाऱ्यानं?"

खटला चावडीवर आला तेव्हा गावप्रमुख शहरात इस्पितळात होता. त्याच्या जागी कुणाला बसवायचं यावर रापुलानंच नाव सुचवलं, घरोघर फिरून गळी उतरवलं. मोलेफी. गावप्रमुखाच्या आईचा भाऊ, म्हणून सगळं गाव त्याला मामाच म्हणायचं. रापुला आणि तो एकाच झाडाखाली एकाच भोपळ्यातून ज्वारीची दारू प्यायचे.

"खुर्चीला कान असतात, तोंड नसतं," रापुला म्हणाला होता. "बसला की साक्ष नाही, सल्ला नाही. ऐकायचं आणि निकाल द्यायचा. आपल्या मामापेक्षा गप्प माणूस आणायचा कुठून?"

लोक हसले होते. मामा खोटं बोलत नाही, मुळात बोलतच नाही, असं बायका म्हणायच्या.

मामाला खुर्ची मिळण्याआधी सेनवेलो त्याच्या दारी जाऊन आली होती. त्यानं चहा पाजला, शेळ्यांच्या खरजेबद्दल सांगितलं, आणि नजरेला नजर दिली नाही.

तेव्हा आज ती डोक्याला रुमाल बांधून, चावडीच्या लाकडी कुंपणाच्या आत चटईवर बसली, आणि तिचं नाव पुकारताच उठून उभी राहिली.

"माझा खटला मागाहून," ती म्हणाली. "आधी खुर्चीचा."

चावडीत कुजबुज झाली. कातडी विणलेल्या खुर्चीत मोलेफी हलला.

सेनवेलोनं आवाज चढवला नाही. गावप्रमुखाची खुर्ची बापाच्या हाडानं जाते, ती म्हणाली. आईचा भाऊ भाच्याच्या लग्नात गुरं घेतो, त्याच्या मयताला पहिली माती देतो. पण भाच्याच्या खुर्चीत तो बसल्याचं इथल्या कुणा म्हाताऱ्यानं ऐकलंय का? बापाकडचं कुणी हयात असताना?

"बापाकडचं कोण उरलंय?" रापुला म्हणाला. "दिताऊ आजोबा? त्यांना ढग गडगडलेला ऐकू येत नाही."

दिताऊ आजोबा, गावप्रमुखाच्या आजोबांचे धाकटे भाऊ, घोंगडीत डुलक्या घेत होते.

"कान कमी असतील," सेनवेलो म्हणाली, "हाड खरं आहे."

"अगं, धडधाकट माणूस सोडून बहिरा मागतेस?" मागून एकजण म्हणाला. "स्वतःच्याच विहिरीत उडी मारतेस की."

हशा पिकला. ती हसण्यात सामील झाली नाही. म्हातारी माणसं खुर्च्या एकत्र ओढून बोलत बसली. सावली तिच्या पायांवरून सरकत गेली. कुंपणाबाहेर तिची तांबडी गाय एकदा हंबरली.

मग रापुला अचानक उठला. एवढी घाई कशाला, तो म्हणाला, गावप्रमुख बरा होऊन येऊ दे, खटला तहकूब करू. टोपी त्यानं हातात घेतली होती आणि तिची कड चुरगाळत होता. पण म्हाताऱ्यांचं ठरलं होतं. पोरगी बरोबर बोलते, त्यांनी सांगितलं. खुर्ची हाडाची. हयात हाड समोर बसलंय.

"पुला," लोक म्हणाले. पाऊस येवो, म्हणजे मान्य.

मोलेफी उठला. खुर्चीतून उठताना माणसं चिडतात, हा मात्र डोक्यावरचा भारा उतरवावा तसा उठला, आणि खाली जाऊन पुरुषांच्या घोळक्यात बसला. दोघांनी धरून दिताऊ आजोबांना खुर्चीत बसवलं. घोंगडी त्यांच्याबरोबरच आली.

बायकांच्या बाजूला कुणीतरी सेनवेलोचा हात दाबला. जिंकलीस बाई, म्हणाली, पण आता कानात ओरडून ओरडून घसा बसेल तुझा.

"माझा नाही बसायचा," सेनवेलो म्हणाली.

दिताऊ आजोबांनी तळवा कानामागे धरला. "दान कुणी ऐकलं? तुझा साक्षीदार कोण?"

सेनवेलो वळली. रापुलाकाका जमिनीकडे बघत होता.

"मोलेफीमामा," ती म्हणाली.

नाव घेतलं की उठावंच लागतं. मोलेफी उठला, टोपी काढली, आणि आज पहिल्यांदा त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं," दिताऊ आजोबा म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

मोलेफीनं श्वास घेतला, आणि कुंपणाबाहेरच्या गाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हौदावर त्या दिवशी माझी गाढवं पाणी पीत होती. विहीर तिची आहे. तिच्या बापानं दिली, ते मी ऐकलं."