तीनच तर भोकं

नवऱ्यानं शर्टाची बटणं सोडायला घेतली, तेव्हा डॉक्टरबाईंना वाटलं पेशंट हाच. पेशंट शेजारच्या खुर्चीत एक्स-रेचा लिफाफा मांडीवर धरून बसली होती.

"हे बघा," तो म्हणाला. पाठीपासून छातीपर्यंत हातभर व्रण होता. अठरा वर्षांपूर्वी बरगड्या फाकवून त्याची छाती उघडली होती. अर्धं फुप्फुस काढलं, असं तो सगळ्यांना सांगे. पाहुणे, शेजारी, गॅस दुरुस्त करायला आलेला माणूस, त्या व्रणातून कोणी सुटलं नव्हतं. तेव्हापासून त्यानं जड म्हणून काही उचललं नव्हतं. नोकरी सोडली ती सोडलीच. बायको शिवणाच्या कारखान्यात कापड बेतायला जाऊ लागली. घरी आल्यावर त्याचं पथ्यपाणी, शेक, पाठीला तेल.

आता छातीच्या ऑपरेशनची पाळी तिच्यावर आली होती. उजव्या कुशीत तीन भोकं, त्यांतून कॅमेरा आणि लांब दांड्यांची हत्यारं. पाचव्या दिवशी ती घरी आली. सहाव्या दिवशी नणंद तिला बघायला आली, आणि चहा पेशंटनंच केला. हल्ली किती सोपं झालंय, असं नणंद म्हणाली. तीनच तर भोकं, असं नवरा म्हणाला. आठव्या दिवशी पाण्याची बादली तिनंच उचलली. छातीखालची कातडी बधिर झाली होती. तिथे हात लावला की दुसऱ्याच कोणाला लावल्यासारखं वाटे. तिला रडूही येत नव्हतं, रागही येत नव्हता. दिवस येत होते, ती ते उरकत होती.

डॉक्टरबाईंनी टाके बघितले. ही कामावर कधी जाऊ शकेल, असं नवऱ्यानं विचारलं. घरी बसून सुस्तावलीय, असंही हसत सांगितलं.

डॉक्टरबाईंनी ऑपरेशनचे कागद वाचले आणि पेन खाली ठेवलं. तिच्या फुप्फुसातली गाठ रक्ताच्या मोठ्या नळीला चिकटली होती. ती सोडवायला सहा तास लागले. उजव्या फुप्फुसाचे तीनपैकी दोन भाग काढावे लागले. भोकं लहान म्हणून ऑपरेशन लहान होत नाही, हे त्यांनी त्याला शांतपणे सांगितलं. मग त्या तिच्याकडे वळल्या.

"घरी तुमचं कोण करतं?"

"मीच," ती म्हणाली.

नवरा खाकरला. आपलंही अर्धं काढलंय, हे त्यानं पुन्हा सांगितलं. त्याचे जुने कागद आहेत का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. त्यानं सवयीनं बायकोकडे पाहिलं. कागद तीच सांभाळायची.

"वाटाण्याएवढी गाठ होती," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "साधी निघाली. तेवढीच काढली. बाकी फुप्फुस शाबूत आहे त्यांचं."

अठरा वर्षांपूर्वी त्याच्या गाठीचा रिपोर्ट आणायला ती एकटी गेली होती. घरी आली, तर मी जगेन का, एवढंच त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पुढचं ऐकलंच नाही. त्या दिवशी तो इतका घाबरलेला होता की तिनंही रेटलं नाही.

डॉक्टरबाईंनी तिला तीन महिने सक्तीची विश्रांती लिहून दिली. कागद तिनं नवऱ्याच्या हातात दिला. दोघं बाहेर पडले.

जिन्यात तो थांबला. शर्टाचं एक बटण भलत्याच काजात गेलं होतं. इतकी वर्षं का बोलली नाहीस, असं त्यानं विचारलं.

ती कठडा धरून उभी होती. चार पायऱ्यांत दम लागला होता. पुरेसा श्वास गोळा होईपर्यंत ती थांबली.

"'मी बरा आहे' असं तुम्ही म्हणालात की सांगणार होते."