जोडडोंग्याची वाटणी

“डोंगे दोन, भाऊ दोन. याच्यात कठीण काय आहे?” असे म्हणून बिसराममामांनी काठावरच्या खुर्चीत पाय पसरले. पंच म्हणून आपले काम संपले, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

वाटणीची वस्तू समोर इटियाडोह धरणाच्या उथळ पाण्यात उभी होती. दोन लांब बंदिस्त डोंगे, त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया, तुळयांवर फळ्यांचा चौक आणि मधोमध शिडाचा खांब. समुद्राकडे अशा नावेला कॅटामरान म्हणतात. इथे सगळे जोडडोंगा म्हणत. थोरला भाऊ रेवाराम तिरोड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाला, तेव्हा त्याने धाकट्या लोकेंद्रच्या भागीदारीत ती कोकणातून जुनी विकत आणली. ट्रकमधून ती सुटी सुटी आली. दोघा भावांनी काठावर बसून ती बोल्टांनी जोडली. प्रत्येक डोंग्यात निजण्यापुरती खोली केली, चौकावर शेगडी बसवली, छपरावर सोलरचे पत्रे लावले. धानाची मळणी आटोपली की दोन्ही कुटुंबे चार दिवस पाण्यावर राहायला येत.

भांडण कुलरवरून झाले. लोकेंद्रने उन्हाळ्यात डाव्या डोंग्याच्या छपराला भोक पाडून घरचा लोखंडी कुलर बसवला. नाव डावीकडे झुकली. तोल साधण्यासाठी रेवारामने उजव्या डोंग्यात पाण्याची टाकी बसवली. लोकेंद्रला तो टोमणा वाटला. त्याने डावीकडे लोखंडी पलंग आणला. रेवारामने उजवीकडे धानाची पोती रचली. नाव पुन्हा सरळ झाली, फक्त वीतभर खोल बसली. शेवटी एका सकाळी रेवारामने कोणालाही न विचारता कुलर उतरवला आणि भोकावर पत्रा ठोकला. तांत्रिकदृष्ट्या ते योग्यच होते. त्या दिवसापासून लोकेंद्र त्याच्याशी बोलेनासा झाला आणि पुढच्याच आठवड्यात त्याने वाटणी मागितली.

शेत आधीच वाटले गेले होते. दोघांत सामायिक म्हणून उरलेली ही एकच वस्तू होती. रेवारामला ती तोडायची नव्हती. परंतु तसे म्हणायचे, तर आधी कुलरची गोष्ट काढावी लागली असती, आणि थोरल्या भावाने ती कशी काढावी हे त्याला सुचत नव्हते. म्हणून त्याने केवळ तांत्रिक हरकत घेतली.

“मामाजी, एकटा डोंगा तरंगल, पण टिकणार नाही. वारा आला का उलटल.”

“उलटू दे. ज्याचा त्याचा उलटल. वाटणी तं बरोबर होईल ना?”

मामांनी उरलेले सामानही त्याच न्यायाने वाटले. खांब थोरल्याला, शीड धाकट्याला. बॅटरी थोरल्याला, सोलरचे पत्रे धाकट्याला. नांगर एकाकडे, साखळी दुसऱ्याकडे.

“अन् कुलर?” लोकेंद्रची बायको चमेली हिने विचारले.

“तो काठावर आहे. तो डोंग्यात मोडत नाही,” मामा म्हणाले. “चाला, खोला आता. मले जेवाच्या आधी घरी जायचं आहे.”

पुढच्या तुळईचा मोठा बोल्ट आधी काढायचा होता. त्याचा माथा खाली डोंग्याच्या पोटात होता आणि नट वर तुळईवर. एकाने खाली पान्याने माथा अडवून धरायचा, दुसऱ्याने वर नट फिरवायचा. रेवाराम खाली उतरला आणि पाठीवर निजला. वर लोकेंद्रच्या पावलांनी फळ्या वाजल्या. दोघांच्या मध्ये छप्पर होते, आणि ते दोघांनाही बरे वाटले असावे.

पाना माथ्याला लावताना रेवारामने एक निर्णय घेतला. पॉलिटेक्निकमधून बाहेर पडल्यापासून त्याने कोणतेही काम मुद्दाम बिघडवले नव्हते. आज बिघडवणार होता. माथा अडवायचाच नाही. मग नटाबरोबर बोल्टही फिरत राहील आणि नट कधीच सुटणार नाही. मामांना भूक लागेल. बोल्ट गंजला, असे ठरेल. पुढचे पुढे.

त्याने पाना सैल धरला. वर लोकेंद्रने जोर लावला. बोल्ट फिरला, आणि त्याच्याबरोबर पानाही हलकेच फिरला. सर्व काही ठरल्याप्रमाणे चालले होते.

फक्त दिशा चुकत होती.

लोकेंद्र वर नट सैल करत असेल, तर खालून पाहणाऱ्याला बोल्ट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरताना दिसायला हवा. हा उलट फिरत होता. रेवारामने आणखी एक फेरा होऊ दिला. तोही उलटच. लोकेंद्र नट खोलत नव्हता, आवळत होता. आणि तो काही नवशिका नव्हता. घरचा ट्रॅक्टर त्याने कितीदा तरी खोलून पुन्हा जोडला होता.

“काऊन रे, निघून राहिला का नाही?” काठावरून मामांनी विचारले.

“लय जाम आहे, मामाजी,” वरून लोकेंद्रचा आवाज आला. आवाजात दम लागल्याची चांगली नक्कल होती. “दादाले म्हणा, खाली पक्का पकड. तो ढिला पकडून राहिला.”

रेवारामने पाना दोन्ही हातांत घेतला, गुडघा डोंग्याच्या भिंतीला टेकवला आणि बोल्टाचा माथा जागच्या जागी रोखून धरला.

“पकडला, लोकेंद्र,” तो म्हणाला. “दे आता जोर.”